कॉर्ड मेलडीत चाल हरवते? या क्रमाने तपासा

गिटारवर एकट्याने जॅझ स्टँडर्ड, म्हणजे जॅझवाले सगळे वाजवतात त्यातलं एखादं गाणं, वाजवायचं. वर चाल, खाली कॉर्ड्स, जमलं तर खर्जही आपणच सांभाळायचा. याला कॉर्ड मेलडी म्हणतात, आणि ती शिकायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडे मला एकच बिघाड सापडतो. कॉर्ड्स चोख लागतात, बोटं राबतात, पण गाणं मात्र कुठेच नसतं.

लक्षणं अशी:

– घरच्यांना गाणं पाठ असतं, तरी तुमच्या वाजवण्यातून ते ओळखता येत नाही.
– दर बारच्या तोंडाशी लय क्षणभर थबकते आणि मग धावत सुटते.
– चालीचा लांब सूर कॉर्ड बदलताना मध्येच तुटतो.
– आवाज जाड, गढूळ येतो.
– चाल वरच्या फ्रेट्सकडे गेली की सगळंच किंचित बेसूर लागतं.
– सुरुवात छान होते, पण चाल खाली उतरली की कॉर्डच्या पोटात गडप होते.

यातलं एखादं जरी लागू पडत असेल तरी तपासणी पहिल्यापासून करा. बहुतेक जण थेट शेवटाकडे धावतात, म्हणजे आणखी भारी कॉर्ड्स शोधत बसतात. बिघाड सहसा उलट्या दिशेला असतो, सूर जास्त झालेले असतात. आणि सुरुवातीच्या तपासण्यांना पाच-दहा मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत, हाही मुद्दा आहेच.

गिटार सुरात आहे का

ट्यूनर लावा. कानाने लावणाऱ्यांची एक ठरलेली गडबड असते. ई मेजर कॉर्ड गोड लागेपर्यंत ते तिसरी तार थोडी उतरवतात (सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी). ती कॉर्ड गोड होते, पण त्या तारेवरचा बाकीचा प्रत्येक सूर उतरतो. गिटारच्या फ्रेट्स समान अंतराच्या स्वरमेळावर बसवलेल्या असतात, त्यामुळे तिच्यावरचा शुद्ध गंधार, म्हणजे ई मेजरमध्ये तिसऱ्या तारेवर येणारा सूर, नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एक सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. ज्यांचा कान तानपुऱ्यावर तयार झालाय, त्यांना तो खुपणारच. तरी तार उतरवू नका. कॉर्ड मेलडीत दर दोन मात्रांना आधार बदलतो, एका कॉर्डला खूश केलं की पुढच्या तीन रुसतात.

मग बारावा फ्रेट. तारेवर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर हार्मोनिक वाजवा, म्हणजे तार न दाबता नुसती स्पर्शून छेडा, नंतर तोच फ्रेट दाबून वाजवा. दोन्ही सूर ट्यूनरवर एकच दिसायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार जिथे टेकते तो भाग, मागे न्यायला हवं. इलेक्ट्रिक गिटारवर हे स्क्रू ड्रायव्हरने घरी होतं. आर्चटॉप, म्हणजे फुगीर पोटाची जॅझ गिटार, असेल तर तिचा ब्रिज नुसता तारांच्या दाबावर टेकलेला असतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो हलतो, आणि मग पहिल्या फ्रेट्समध्ये सुरात असलेली गिटार आठव्या फ्रेटवर बेसूर होते. तारा एकेक करून बदला.

तारांचाही विचार करा. रॉकसाठीच्या बारीक संचात तिसरी तार साधी, न गुंडाळलेली असते. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपवर ती बाकीच्यांपेक्षा मोठ्याने बोलते, आणि आपली चाल असते पहिल्या-दुसऱ्या तारेवर. जाड संच, गुंडाळलेली तिसरी तार, हा जॅझवाल्यांचा नुसता शौक नाही. पण संच बदलला की मानेवरचा ताण बदलतो. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

नुसती चाल वाजवता येते का

कॉर्ड्स पूर्ण बाजूला ठेवा. फक्त चाल, फक्त वरच्या दोन तारांवर, पायाने ठेका धरून. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ओळखू येते का? लांब सूर खरंच लांब राहतात का?

ही तपासणी लोकांना अपमान वाटते म्हणून ते ती टाळतात, आणि निम्मे रुग्ण इथेच बरे होतात. आपल्याकडे गिटार बहुतेक जण सिनेमाच्या गाण्यांवर शिकतात. गळा चाल सांभाळतो, हात स्ट्रमिंग करतो. त्यामुळे चाल हाताला कधी माहीतच झालेली नसते. गायलेलं रेकॉर्डिंग शोधा, शब्दांसकट गुणगुणता येईपर्यंत ऐका. शब्द कुठे संपतो, गायक श्वास कुठे घेतो, हे कळलं की कॉर्ड कुठे टाकायची याची जागा आपोआप दिसते. लीड शीटवर, म्हणजे चाल आणि कॉर्ड्सची नावं छापलेल्या कागदावर, चाल सपाट, चौकोनी असते. गाताना तसं कुणी गात नाही.

चाल खूप खाली आहे का

छापील लीड शीट आहे तशी वाचणाऱ्यांचा बिघाड हमखास इथे निघतो. गिटारचं लेखन प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर लिहिण्याची पद्धत आहे. लीड शीट मात्र गायक, पियानो, ट्रम्पेट अशा सगळ्यांसाठी असते. ती गिटारवर जशीच्या तशी वाचली की चाल एक सप्तक खाली, तिसऱ्या-चौथ्या तारेवर येऊन पडते. तिच्याखाली कॉर्ड बसवायला जागाच उरत नाही, मग कॉर्ड चालीच्या डोक्यावर बसते. आणि कान सहसा सगळ्यात वरच्या सुरालाच चाल समजतो.

उपाय सोपा आहे. सगळी चाल एक सप्तक वर न्या. माझा ढोबळ नियम असा की चालीचा सगळ्यात खालचा सूर मोकळ्या दुसऱ्या तारेच्या आसपास असावा आणि सगळ्यात वरचा पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या आत. बसत नसेल तर पट्टी बदला. कागदावरची पट्टी पवित्र नसते. ई फ्लॅट, बी फ्लॅट, ए फ्लॅट या पट्ट्या स्टँडर्ड्समध्ये इतक्या दिसतात, त्यामागे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाल्यांची सोय हे एक मोठं कारण आहे. मुंबईच्या हॉटेलांत ज्या गोवेकर वादकांनी हे संगीत वाजवलं, त्यातले कितीतरी फुंकवाद्यांचेच होते, चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट तर प्रसिद्धच. गिटारवाल्याने एकट्याने वाजवताना त्यांची सोय बघण्याचं कारण नाही. ई, ए, डी या मोकळ्या तारा जिथे खर्ज म्हणून वापरता येतील अशी पट्टी निवडा.

कॉर्डमध्ये सूर किती आहेत

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

चार-पाच सुरांची कॉर्ड धरून तिच्यावर चालीचा सूर चिकटवायचा, असं बहुतेक जण करतात. तसं न करता चालीचा सूर आधी धरा आणि विचारा, हा सूर या कॉर्डमधला, मूळ सुरापासून मोजून, कितवा आहे? तो तिसरा असेल तर कॉर्ड मेजर की मायनर हे चालीनेच सांगून टाकलंय. खाली सातवा सूर दिला की काम झालं. पाचवा सूर सगळ्यात आधी काढा, तो फारसं काही सांगत नाही. एकच सूर दोनदा येत असेल तर एक काढा. मूळ सूर बॅन्डमध्ये बास वाजवणाऱ्याचा असतो. एकटे असाल तर बारच्या सुरुवातीला एकदा द्या आणि सोडून द्या.

'ऑटम लीव्ह्ज' घेऊ. जोसेफ कोस्मा यांची १९४५ ची चाल, मूळ फ्रेंच गाण्याची. शिकायला हे गाणं इतकं का देतात, ते सूर मोजले की कळतं. बऱ्याच लीड शीट्सवर ते जी मायनरमध्ये असतं, आपण ई मायनरमध्ये आणू, म्हणजे आधी सांगितलेला मोकळ्या तारांचा फायदा मिळतो. पहिल्या भागाच्या कॉर्ड्स अशा येतात: ए मायनर सेव्हन, डी सेव्हन, जी मेजर सेव्हन, सी मेजर सेव्हन, एफ शार्प हाफ डिमिनिश्ड, बी सेव्हन, ई मायनर. सप्तक वर नेल्यावर चाल सुरू होते ई, एफ शार्प, जी या सुरांनी, म्हणजे पहिल्या तारेवर मोकळी, दुसरा फ्रेट, तिसरा फ्रेट. मग आठव्या फ्रेटवरच्या सी वर उडी.

तो सी म्हणजे ए मायनर सेव्हनचा तिसरा सूर. तोच सूर लांबत पुढच्या बारमध्ये जातो आणि डी सेव्हनचा सातवा होतो. पुढचा लांब सूर बी हा जी मेजर सेव्हनचा तिसरा, आणि मग सी मेजर सेव्हनचा सातवा. त्यापुढचा ए हा एफ शार्प हाफ डिमिनिश्डचा तिसरा, मग बी सेव्हनचा सातवा. शेवटी जी, ई मायनरचा तिसरा. म्हणजे कॉर्डची ओळख पटवणारा एक सूर चाल स्वतःच दर वेळी हातात देते. तुम्ही फक्त दुसरा द्यायचा.

हातावर हे असं उतरतं. आकडे चौथ्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंतच्या फ्रेट्सचे आहेत. ए मायनर सेव्हन ७-९-८-८. जी मेजर सेव्हन ५-७-७-७. एफ शार्प हाफ डिमिनिश्ड ४-५-५-५. ई मायनर सेव्हन २-४-३-३. प्रत्येकात चौथ्या तारेवर मूळ सूर, पहिल्या तारेवर चाल. पाठ झाल्यावर तिसऱ्या तारेचा सूर काढून वाजवून पाहा, कारण तो पाचवा सूर आहे (हाफ डिमिनिश्डमध्ये मात्र ठेवा, तिथे उतरलेला पाचवा हीच तिची ओळख आहे). कॉर्ड तितकीच कळते, आणि चाल एकदम पुढे येते.

मधल्या कॉर्ड्ससाठी दुसऱ्या तारेकडे बघा. ए मायनर सेव्हनमध्ये तिथे आठव्या फ्रेटवर जी आहे. डी सेव्हनला जाताना फक्त तो सातव्या फ्रेटवर एफ शार्पला उतरवा, वरचा सी तसाच धरा, खाली मोकळी चौथी तार. झाली डी सेव्हन, तीन सुरांत. बी सेव्हनलाही तेच, दुसऱ्या तारेवरचा ई पाचव्या फ्रेटवरून चौथ्यावर डी शार्पला येतो, वर पाचव्या फ्रेटवरचा ए तसाच, आणि तिसऱ्या तारेवर चौथ्या फ्रेटचा बी. सी मेजर सेव्हनसाठी तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट आडवा धरा, करंगळी पहिल्या तारेच्या सातव्या फ्रेटवर. अख्खा हात इकडून तिकडे फेकण्याची गरज फारशी उरत नाही, आणि लय थबकण्याचं लक्षण बरंचसं इथेच नाहीसं होतं.

गढूळपणाचं कारणही सहसा याच कप्प्यात असतं. पाचव्या-सहाव्या तारेवर, खालच्या फ्रेट्समध्ये जवळजवळचे दोन सूर एकत्र वाजवू नका. तिथे मूळ सूर एकटा असू द्या. वर जितकं जाल तितके सूर जवळ आलेले चालतात, खाली ते एकमेकांत मिसळून गुरगुरतात. (चाल, कॉर्ड आणि अखंड खर्ज, तिन्ही हवं म्हणून जॅझ गिटारवादक जॉर्ज व्हॅन एप्स यांनी १९३० च्या दशकातच सात तारांची गिटार बनवून घेतली होती. आपल्याला सहा पुरतील.)

उजवा हात चालीला मान देतो का

पिकने खालच्या दिशेला स्ट्रोक मारला की सहावी तार आधी वाजते, पहिली शेवटी. म्हणजे ठेक्यावर खर्ज पडतो आणि चाल किंचित उशिरा पोचते. दर बारला असं झालं की ऐकणाऱ्याला चाल रेंगाळतेय असं वाटतं. स्ट्रोक जरा आधी सुरू करा, ठेक्यावर पहिली तार पडू द्या. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी पिकऐवजी नुसत्या अंगठ्याने वाजवायचे, तरी वरचा सूर स्पष्ट ऐकू येतो. तेव्हा दोष पिकचा नाही.

बोटांनी वाजवत असाल तर एक व्यायाम करा. चार सुरांची कुठलीही एक कॉर्ड धरा आणि ती पुन्हा पुन्हा छेडताना दर वेळी वेगळं बोट मोठ्याने बोलवा. अनामिका, म्हणजे पहिल्या तारेवरचं बोट, हट्टाने हळू वाजतं. ते वर यायला काही आठवडे जातात. तोवर बाकीची बोटंच हळू करा, तेही चालतं.

ॲम्प्लिफायरवर एक नजर टाका. 'जॅझ टोन' म्हणून टोनचं बटण पूर्ण बंद करायची फॅशन आहे. त्याने सगळ्यात आधी मरते ती चाल. ते अर्ध्यापर्यंत उघडा आणि बासचं बटण कमी करा.

डावा हात सूर सोडतो कधी

तुटणाऱ्या सुरांसाठी ही एक खात्रीची चाचणी. तुमची पूर्ण रचना डाव्या हाताने जशी आहे तशी धरा, सगळी बोटं आपापल्या जागी, पण उजव्या हाताने फक्त चालीचे सूर वाजवा. आता चाल अखंड ऐकू येते का? जिथे तुटते तिथे बोटांची निवड चुकलीय. चालीच्या सुरावरचं बोट पुढच्या कॉर्डसाठी लागतंय म्हणून ते लवकर उठतंय. कॉर्डचा एखादा सूर सोडा किंवा तीच कॉर्ड दुसऱ्या तारांवर शोधा, पण चालीचं बोट उठवू नका. शक्यतो चाल करंगळीकडे किंवा अनामिकेकडे द्या, म्हणजे खालची बोटं मोकळी राहतात.

कॉर्ड दर सुराला हवी कशाला

नव्या माणसाची रचना ओळखायची खूण म्हणजे चालीच्या प्रत्येक सुराखाली कॉर्ड. तसं पियानोवर शोभतं, गिटारवर दम लागतो. 'ऑटम लीव्ह्ज'मध्येच बघा, उडीच्या आधीचे तीन सूर एकेकटे वाजवा, लांब सूर आला की कॉर्ड द्या. त्यामुळे उडी उडीसारखी वाटते. आणि तो लांब सूर टिकत असताना, पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेला, खाली फक्त दुसऱ्या तारेवरचा सूर हलवा. चालीने श्वास घेतला की तेवढ्यात कॉर्ड बोलते.

जॅझ गिटारवादक जो पास (१९२९–१९९४) यांचं एकट्याचं वादन याच कानाने ऐका. पूर्ण कॉर्ड, मग नुसती सुरांची ओळ, मग दोन सुरांचा खर्ज, पुन्हा कॉर्ड, असं ते सतत बदलत राहतात. सगळं एकाच वेळी वाजतंय असा भास होतो, प्रत्यक्षात तसं क्वचितच असतं. एवढं ऐकलं तरी तुमच्या रचनेतल्या कितीतरी कॉर्ड्स तुम्ही स्वतःच काढून टाकाल.

चाल आणि कॉर्ड भांडतायत का

ही कठीण बाजू, म्हणून इतक्या उशिरा. कॉर्डचं नाव बरोबर, सूर बरोबर, तरीही कानाला टोचतं. नेहमीची दोन ठिकाणं सांगतो.

पहिलं, मेजर सेव्हन कॉर्डवर चालीचा सूर मूळ सूरच असेल तेव्हा. सी मेजर सेव्हन धरली आणि चालही सी वर असली, तर कॉर्डमधला बी चालीखाली येऊन तिला ओरबाडतो. तिथे सी सिक्स वाजवा, बी च्या जागी ए. कागदावर मेजर सेव्हन छापलंय म्हणून ती वाजवायलाच हवी असं नाही. ती खूण बॅन्डसाठी असते आणि चाल बघून लिहिलेली असेलच असं नाही.

दुसरं, डॉमिनंट सेव्हनवर (नावापुढे नुसतं 'सेव्हन' असलेली कॉर्ड) चाल चौथ्या सुरावर थांबते तेव्हा. जी सेव्हनवर सी. कॉर्डमधला बी काढून टाका, ती सस्पेंडेड, म्हणजे तिसऱ्याऐवजी चौथा सूर असलेली, होऊ द्या, चाल उतरली की मग बी आणा.

या दोन्हींपलीकडे, कॉर्ड्सच बदलून टाकणं, म्हणजे रीहार्मोनायझेशन, हे वरचं सगळं सुटल्याशिवाय सुरू करू नका. चाल मुळात ऐकू येत नसताना खाली काय बदललं हे कुणालाच कळत नाही.

कुठे थांबायचं, कुणाकडे जायचं

गिटारचं: कोकणात, मुंबईत, पुण्यातही पावसाळ्यात लाकूड ओलावा धरतं आणि मान हलते. पावसाळ्याआधी सहज लागणाऱ्या कॉर्ड्स जुलैत जड झाल्या, तारा वर उचलल्यासारख्या वाटल्या, किंवा जाड संच घातल्यावर मान पुढे वाकलेली दिसली, तर दोष तुमच्या बोटांचा नाही. ट्रस रॉड, म्हणजे मानेतली तिचा बाक ठरवणारी सळी, कुठल्या दिशेला, किती फिरवायचा हे कुणी हातात दाखवलेलं नसेल तर त्याला हात लावू नका. नटच्या (मानेच्या टोकाला तारा जिथून जातात त्या पट्टीच्या) खाचा आणि वरच्या दोन तारांखाली झिजलेले फ्रेट हेही कारागिराचंच काम. नीट सेटिंगचा खर्च एका नव्या गिटारच्या मानाने काहीच नसतो, आणि 'गिटार बदलावी का' हा प्रश्न बऱ्याचदा सेटिंग झाल्यावर कुणी विचारतच नाही.

हाताचं: पाच फ्रेट्सचा ताण देणारी पकड दहा मिनिटं घासली की हात दुखणारच, विश्रांतीने ते जातं. पण बोटांना मुंग्या येणं, बधिरपणा, मनगटातली कळ दुसऱ्या दिवशीही राहणं, पकड सैल पडणं, यातलं काही दिसलं तर गिटार खाली ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. सराव वाढवून हे जात नाही, बळावतं. तोवर तो ताण घेणारी पकड रचनेतून काढून टाका, वर सांगितल्याप्रमाणे तीन सुरांत तिचं काम होतंच.

कानाचं आणि लयीचं: नुसती चाल मेट्रोनोमवर नीट येते, डाव्या हाताच्या चाचणीत ती तुटत नाही, गिटार सुरात आहे, आणि तरीही सगळं एकत्र आलं की लय ढासळते. असं दोन-तीन आठवडे राहिलं तर जॅझ वाजवणाऱ्या शिक्षकाकडे जा. ऑनलाइन शिकवणी चालेल, पण त्यांनी तुमचे दोन्ही हात बघायला हवेत. जाताना दोन रेकॉर्डिंग्ज न्या, एक नुसत्या चालीचं, एक पूर्ण रचनेचं, दोन्ही एकाच वेगात. सोबत लीड शीट, जिथे अडखळता ते बार पेन्सिलने गोल केलेले. म्हणजे पहिला तास नव्या कॉर्ड्स दाखवण्यात जाणार नाही.